एका खोलीत दोन जावा

आमच्या लॅबमधली मधली भिंत पाडायचं ठरलं, तेव्हा खरं तर धुळीची काळजी वाटायला हवी होती. मला काळजी वाटली ती जाऊबाईंची.

आम्ही दात बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्या मापावर आम्ही कॅपा करून परत पाठवतो. श्रेय डॉक्टरांना, शिव्या मात्र फोनवरून आम्हाला. कॅप दोन थरांची असते. आत धातूची टोपी, वर सिरॅमिकचा दातासारखा दिसणारा थर. टोपी आधी मेणात घडवायची आणि मग धातूत ओतायची, हे काम मेणाच्या खोलीत. त्या टोपीवर सिरॅमिकची पूड कालवून कुंचल्याने चढवायची, भट्टीत भाजायची, शेजारच्या दाताशी रंग जुळवायचा, हे काम भट्टीच्या खोलीत. मेणाच्या खोलीच्या प्रमुख जाऊबाई, भट्टीच्या खोलीची प्रमुख मी. मध्ये भिंत, भिंतीला एक छोटी खिडकी, आणि त्या खिडकीतून कामाचे ट्रे इकडून तिकडे.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. घर एक, स्वयंपाकघर एक, सासूबाई एक. माझं लग्न झालं तेव्हा मी घरात बसून कंटाळून गेले होते. 'हात चांगला आहे हिचा, येऊ दे माझ्याबरोबर,' असं म्हणून त्यांनीच मला लॅबमध्ये आणलं. मेण तापवायचं कसं, चाकू धरायचा कसा, सगळं त्यांनी शिकवलं. पुढे मी भट्टीकडे वळले आणि तिथली प्रमुख झाले. लॅबमध्ये त्या 'थोरल्या बाई' आणि मी 'धाकट्या बाई'. मालकसुद्धा तसंच म्हणतात.

प्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एकदा खिडकीतून ओरडून त्यांचा ट्रे परत पाठवला होता. त्या दिवशी घरी जे काही झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणी एक शब्द बोललंच नाही. भांडी मात्र फार बोलली. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला. "घरचं घरी आणि दातांचं दातांपाशी. या उंबऱ्याच्या आत मला एक दात दिसता कामा नये."

तेव्हापासून आम्ही दोघींनी शिस्त पाळली. घरी कामाचं बोलायचं नाही, आणि कामावर तर बोलायचंच नाही. ट्रेच्या एका बाजूला कामाचा नंबर चिकटवलेला असतो. काम पसंत पडलं नाही तर ट्रे नंबर मागे करून खिडकीत ठेवायचा. समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. हळूहळू दोन्ही खोल्यांमधली सगळीच माणसं तसं करू लागली. नवीन माणूस आला की त्याला आधी हात धुवायला शिकवत आणि मग ट्रे फिरवायला.

एक गोष्ट मात्र ट्रेनेही कधी सांगितली नाही. मेणाच्या खोलीच्या टोप्या जरा जाडच यायच्या. पातळ टोपी ओतताना तिला बारीक भोक पडलं तर बोल लागतो, म्हणून ती मंडळी सावधगिरीने जाड करत. जाड टोपीवर सिरॅमिकला जागा उरत नाही, म्हणून आमची माणसं ती आल्या आल्या चाकावर घासून पातळ करत. त्यासाठी ट्रे फिरवायचे म्हटले असते तर रोज सगळेच फिरवावे लागले असते. त्यापेक्षा घासणं सोपं होतं. आमच्याकडे टोपी हातात आली की माणूस चाक सुरू करायचा, इतकी ती सवय अंगवळणी पडली होती.

तर अशा या सुखी संसारात मालकांनी बदल आणला. बदल म्हणजे खरोखर एक माणूसच आणला. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीतले, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत कागदांचे चौकोन. त्यांचं काम कंपन्यांमध्ये बदल घडवून आणणं. म्हणून आम्ही त्यांचं नाव बदलवाले ठेवलं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट प्रवास वाटायची.

"हा नुसता बदल नाही," ते पहिल्या बैठकीत म्हणाले, "हा आपल्या सगळ्यांचा एकत्र प्रवास आहे."

"प्रवासाला निघताना निदान गाव कुठलं ते सांगतात," मी शेजारच्या भट्टीवाल्या काकांना म्हटलं. हळूच म्हटलं, पण माझ्या हळूची ख्याती आहे.

गाव त्यांनी सांगितलं. डॉक्टरांना कॅपा लवकर हव्यात. दोन खोल्यांमध्ये ट्रे रखडतात. म्हणून भिंत पडणार, खिडकी जाणार, एक खोली होणार, एकच लांब टेबल. आणि दोन प्रमुखांऐवजी एकच प्रमुख. कोण, ते महिनाअखेर ठरणार. दुसरीचा पगार कमी होणार नाही, पण तिला पहिलीच्या हाताखाली काम करावं लागेल.

सगळ्या खोलीने एकदम आम्हा दोघींकडे पाहिलं आणि एकदम नजर वळवली. जाऊबाई समोरच्या फळ्यावर चिकटवलेल्या रंगीत कागदांकडे पाहत होत्या. 'तुमच्या मनातली भावना लिहा,' असं त्या फळ्यावर वर लिहिलेलं होतं आणि खाली सगळ्यांनी 'उत्सुकता' लिहिलं होतं. एकाचं पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने.

मला ती खुर्ची हवी होती. उगाच सोज्वळपणाचा आव आणत नाही. भट्टीचं काम मी वाढवलं होतं, मोठ्या दवाखान्याचं गिऱ्हाईक माझ्या रंगाच्या कामामुळे टिकलं होतं. पण ज्यांच्या बोटाला धरून मी आत आले त्यांच्या डोक्यावर बसायचं कसं? आणि त्या प्रमुख झाल्या तर? घरी थोरल्या त्याच, उद्या इथेही त्याच. सकाळी डब्यात काय न्यायचं ते त्या सांगणार आणि डबा खाऊन झाल्यावर काय करायचं तेही त्याच सांगणार. तेही मला नको होतं. खुर्ची मिळाली तर घर बिघडेल, घर राखलं तर आयुष्यभर आतल्या आत जळत राहीन. रात्रंदिवस डोक्यात हेच.

नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "माझी वहिनीपण आहे आणि तू पण आहेस. मला मधे घेऊ नकोस." लग्न करताना बरा मधे आला होता.

सासूबाईंना बदलाचं कुठून तरी कळलंच. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त दोघींना वेगवेगळं गाठून म्हणाल्या, "तू समजूतदार आहेस." म्हणजे दोघींच्याही तोंडाला कुलूप.

भिंत पडली. खिडकीची चौकट काढून अडगळीत टाकली. धूळ बसली आणि आम्ही एका लांब टेबलाच्या दोन टोकांना बसायला लागलो. मग जे काही सुरू झालं ते पाहून कुणालाही वाटावं की या लॅबमध्ये संत राहतात.

"ताई, तुम्ही घ्या ना आधी दिवा."

"नाही गं, तू घे. माझं काही अडलं नाही."

टेबलावरचा एकुलता स्पिरिटचा दिवा मधेच जळत राहायचा. कुणी आवाज चढवत नव्हतं, कुणी ट्रे फिरवत नव्हतं. फिरवणार कुठे? खिडकी तर गेली होती. आणि तोंडाने सांगायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. दोन्हीकडची माणसं श्वास रोखून होती. एका म्यानात दोन तलवारी आणि दोन्ही एकाच घरातल्या, मग मधे बोट कोण घालणार? जे काही बरं-वाईट दिसेल ते गिळायचं, असं प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवून टाकलं. अळीमिळी गुपचिळी.

बदलवाले खूश होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, परत गेलेली कामं, शून्य. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. मी तो चहा प्याले आणि मला वाटलं, चला, निभावतंय.

मग कॅपा परत येऊ लागल्या. आमच्या आमच्यात परत जात नव्हत्या, थेट डॉक्टरांकडून येत होत्या. वरच्या पांढऱ्या थराला तडा. आधी एक, मग दुसऱ्या दिवशी दोन, मग मोठ्या दवाखान्यातून अख्खा डबा. एका शाळेतल्या बाईंचा पुढचा दात वर्गात शिकवताना तुटून टेबलावर पडला म्हणे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मालक तो डबा घेऊन आमच्या लांब टेबलापाशी आले. चेहरा पांढराफटक. "मोठा दवाखाना म्हणतोय, काम दुसरीकडे देतो. मला संध्याकाळपर्यंत कारण सांगा. कारण सापडलं नाही तर एकच प्रमुख कशाला, प्रमुखच नको. धातूचं काम मी बाहेरून करून घेतो."

धातूचं काम बाहेरून म्हणजे मेणाची अर्धी खोली घरी. मालक गेले. आम्ही दोघी त्या डब्याकडे पाहत बसलो.

"पूड खराब आली असेल," जाऊबाई म्हणाल्या.

"हो ना ताई. वीजही वर-खाली होतेय. भट्टी नीट तापत नसेल."

"लोकही काय काय चावतात हल्ली."

पुडीवर गेलं, विजेवर गेलं, पेशंटच्या जबड्यावर गेलं. टेबलाशी बसलेल्या कुणावरही जाईना. दोन्हीकडची माणसं माना डोलवत होती. मला एकाएकी त्या सगळ्याचा असह्य कंटाळा आला. मी डब्यातली एक कॅप घेतली, पांढरा थर फोडून काढला आणि आतली टोपी जाडी मोजायच्या चिमट्यात धरली. काट्याकडे पाहिलं. पुन्हा धरली. धातू कसला, कांद्याचा पापुद्रा होता. एवढ्या पातळ टोपीवर सिरॅमिक टिकणारच नाही. चावताना टोपी लवते आणि वरचा थर तडकतो.

"ताई, ही टोपी एवढी पातळ का?"

सूर चढला तो चढलाच. मला कळलं, पण तोवर वाक्य सुटलं होतं.

जाऊबाईंनी हातातला चाकू खाली ठेवला. "पातळ? तुला पातळच हवी होती ना?"

"मी कधी म्हटलं?"

"म्हणतेस कशाला? भिंत पडली त्याच दिवशी पाहिलं मी. तुझी माणसं माझ्या हातची टोपी घेतायत आणि चाकावर धरतायत. एक नाही, सगळ्या! माझ्या डोळ्यांदेखत. मी आमच्या धातू ओतणाऱ्या ओताऱ्याला विचारलं, हे काय करतायत? तो म्हणाला, बाई, हे तर कायमचंच आहे. कायमचंच! इतकी वर्षं तुम्ही माझं काम घासताय आणि मला एका शब्दाने सांगत नाही? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्यांना सांगितलं, यापुढे टोप्या पातळच करायच्या. धाकट्या बाईंना घासायचे कष्ट नकोत."

"मग आम्हाला सांगायचं ना! आम्ही घासतोच आहोत अजून!"

"तू सांगितलं होतंस?"

म्हणजे त्यांनी पातळ केली आणि आम्ही सवयीने ती आणखी पातळ केली. चूक इतकी साधी होती. मी आमच्या माणसांकडे वळले. "कुणालाच कळलं नाही?"

भट्टीवाले काका घसा साफ करत म्हणाले, "मला वाटलं होतं. टोप्या हाताला हलक्या लागत होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"घरचा मामला. मी कोण मधे पडणारा?"

"अहो, दात लोकांच्या तोंडात जातात, आमच्या घरात नाही!"

"ओरडू नकोस त्यांच्यावर," जाऊबाई म्हणाल्या. "तुझी रीतच ही आहे. तोंडावर गोड आणि मागून आपलं खरं. घरीसुद्धा तेच. मी भाजी उतरवून वळले की तू झाकण काढून मीठ घालतेस."

हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्ही अळणी करता म्हणून घालते!"

"सासूबाईंना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणून अळणी करते! कधीपासून विचार करतेय, त्यांचं ब्लड प्रेशर उतरत का नाही!"

"मग हे मला कोण सांगणार? आणि तुम्ही काय करता? मी माझ्या मुलीची वेणी घालून तिला शाळेला पाठवते आणि तुम्ही तिला दारात थांबवून ती सोडून परत घालता. मी खिडकीतून बघत असते. रोज!"

"वाकडी असते म्हणून घालते!"

"असू दे वाकडी! माझी मुलगी आहे!"

एव्हाना चाकं बंद झाली होती. कुणीतरी पंखाही बंद केला, बहुधा नीट ऐकू यावं म्हणून. आवाज ऐकून मालक दारात आले. त्यांच्या मागे बदलवाले. मालक आत घुसणार तोच बदलवाल्यांनी त्यांच्या दंडाला धरलं. "थांबा," ते म्हणाले, "बोलू द्या." त्या माणसाने आमच्यासाठी जे जे केलं त्यातलं हे सगळ्यात मोठं काम.

आम्हाला तर थांबायचं भानच नव्हतं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं मोकळं होत होतं. फ्रिजमधल्या वरच्या कप्प्यापासून माझ्या माहेरच्यांच्या मुक्कामापर्यंत सगळं निघालं. शेवटी जाऊबाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "आणि ती खुर्ची! हवी आहे ना तुला? मग तोंडाने म्हण की एकदा. समजूतदारपणा पुरे झाला."

"हो, हवी आहे!" मी म्हटलं. "मला हवी आहे ती खुर्ची. मला ते काम येतं. आणि घरी तुमच्या हाताखाली आणि इथेही तुमच्या हाताखाली, असं नाही जमणार मला. तुम्ही मला इथे आणलंत, मला शिकवलंत, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच महिनाभर झोप नाही मला. पण हवी आहे."

बोलून टाकलं आणि मला वाटलं, संपलं. आता आज घरी जाऊन दोन चुली होणार. नवरा म्हणणार, मी सांगितलं होतं मला मधे घेऊ नकोस.

जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग घे की. मला कुठे हवी आहे?"

मी हातातला चिमटा टेबलावर ठेवला.

"नको होती, तर आधी का नाही बोललात?"

"बोलले असते तर सगळे म्हणाले असते, थोरली रुसली. मालक समजूत घालायला आले असते, सासूबाई तुझ्यावर रागावल्या असत्या. थोरलीने नको म्हटलं की त्यागच होतो त्याचा. साधं नको म्हणायची सोयच नाही." त्या खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "अगं, मी जन्मले तेव्हापासून थोरली आहे. माहेरी पाठच्या भावंडांची थोरली. सासरी आले ती थोरली सून होऊन. इथे आले तर दोन वर्षांत खोलीची थोरली बाई. थोरलीला चुकायची सोय नसते. टोप्या जाड का करत होते मी? एक भोक पडलं तर सगळे म्हणतील थोरल्या बाईंच्या कामाला भोक, म्हणून. घरात मी थोरली आहेच, ते काही सुटणार नाही. इथे तरी मला कुणाची तरी धाकटी होऊ दे की."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर, मालकांसमोर, भट्टीवाल्या काकांसमोर मी भोकाड पसरलं. दुःखाचं नव्हतं ते. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि त्याची जागा कशाने भरावी ते मला कळत नव्हतं. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मला मिठीबिठी मारली नाही, त्या तशा नाहीत. स्वतःचा रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "नाक पूस आधी. संध्याकाळपर्यंत कारण सांगायचंय."

"सांगून झालं," दारातून बदलवाले म्हणाले. मालकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरची पूड उडाली.

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं. टोपी किती जाडीची ते ठरलं, तेवढीच करायची आणि कुणी घासायची नाही. आमची माणसं पहिले काही दिवस टोपी हातात आली की चाकाकडे वळायची आणि जाऊबाई टेबलाच्या टोकावरून ओरडायच्या, "हात मागे!" मोठ्या दवाखान्याला मी स्वतः फोन करून झालेली चूक सांगितली. तडकलेल्या सगळ्या कॅपा आम्ही नव्याने करून दिल्या. शाळेतल्या बाईंची कॅप जाऊबाईंनी आणि मी मिळून केली. दवाखान्याने कुरकुर केली, पण काम आमच्याकडेच ठेवलं. ते कळलं तेव्हा ओतारी हुश्श म्हणून जमिनीवरच बसला.

बदलवाल्यांनी जायच्या आधी एक नियम घालून दिला. रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी उभं राहून एकमेकांच्या कामात काय खटकलं ते तोंडाने सांगायचं. त्यांच्या अहवालात त्याला संवादाचं सत्र असं काहीतरी नाव आहे. आम्ही त्याला भांडणाची वेळ म्हणतो. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या चपलांकडे पाहत उभे राहिले. आठवडाभरात भट्टीवाले काकासुद्धा बोलायला लागले, आणि आता त्यांना गप्प करताना मला नाकी नऊ येतात.

घरी सासूबाईंना आम्ही दोघींनी एकत्रच सांगितलं. मला धडकी भरली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता हिच्या हाताखाली तू?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "मीच म्हटलं तसं."

"आणि भाजीत मीठ ही घालत होती?"

"हो."

सासूबाईंनी पदर सावरला. "तरीच मी म्हणतेय, चव बरी लागायची," असं म्हणून त्या उठून गेल्या. नवऱ्याला मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, मला भूक लागलीय. त्या घरात इतकं मोकळं जेवण मी त्याआधी जेवले नव्हते. अळणी होतं, पण दोन वेळा वाढून घेतलं.

महिनाअखेर मालकांनी मला प्रमुख केलं, आणि माझा पहिला आठवडा धावपळीत गेला. शुक्रवारी संध्याकाळी एका डॉक्टरांचा फोन आला, सोमवारच्या आत तीन कॅपा हव्यात. मी हो म्हणून बसले. मग हिशेब करायला लागले की कुणाला थांबवायचं, भट्टी किती वाजता लावायची, माप नीट आलंय का. सगळे हळूहळू निघत होते. वर्षानुवर्षांची सवय अशी की अशा वेळी मी मान वर करून जाऊबाईंकडे पाहायची. त्या मागे थांबायच्या, सगळं मार्गी लावायच्या, शेवटचा दिवा मालवून निघायच्या आणि घरी पोचल्यावर उभ्या उभ्याच पदर खोचून स्वयंपाकाला लागायच्या.

मी मान वर केली. जाऊबाई हात धुवून उभ्या होत्या. पर्स खांद्याला लावलेली.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "माझ्या वाटच्या तीन टोप्या सकाळी करते. आता निघू का गं?"

त्या मला विचारत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला 'निघू का' असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"निघा ताई," मी म्हटलं.

त्या निघाल्या. मी रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन पाहिलं. एरवी त्या रस्त्याने अशा चालत की मागे दूध उतू जातंय की काय असं वाटावं. त्या दिवशी त्या फाटकापाशी थांबल्या, समोरच्या कोपऱ्यावरच्या चपलांच्या काचेच्या दुकानात शिरल्या, एक जोड घालून आरशासमोर इकडून तिकडून पाय फिरवून पाहिला, घेतला नाही, आणि हात हलवत रमतगमत पुढे गेल्या. मी भट्टी लावली. मागे थांबायची पाळी आता माझी होती, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.